अम्मीसोबत शारजात बारा दिवस

कोल्हापुरातून आखातात जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत चटणी आणि चपला हमखास असतात. आमच्याही होत्या. अम्मीने उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या कांदा-लसूण चटणीतली तीन किलो शारजातल्या धाकट्या भावासाठी बाजूला काढली होती. निघायच्या आठ दिवस आधी भावाचा फोन आला, "चटणीत खसखस घातलीय का?" घातली होती. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली म्हणून अमली पदार्थांत धरतात आणि सामानात सापडली तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. अम्मीने कपाळावर हात मारला, पुन्हा मिरच्या आणल्या आणि खसखस वगळून नवी चटणी केली. तिकडे कुणाकडे जाणार असाल तर मसाला घरचा असो की दुकानातला, आधी एवढं विचारून घ्या.

भाऊ बावीस वर्षं तिकडे आहे. एसी दुरुस्तीचं काम करतो. दोन वर्षांतून एकदा महिनाभर येतो, सगळ्यांना काहीबाही वाटतो आणि जातो. तो राहतो कसा, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. अब्बा चार वर्षं अंथरुणावर होते, त्यामुळे अम्मीचं जाणं शक्यच नव्हतं. गेल्या वर्षी अब्बांचा इंतेकाल झाला. इद्दत संपल्यावर अम्मी एकदा जेवताना म्हणाली, "त्याचं घर बघून येऊ या." मुलांचा बेत निराळाच होता. त्यांनी मोबाइलवर रास अल खैमातली लांबच लांब झिपलाइन बघून ठेवली होती. दिवाळीच्या सुटीत आम्ही पाच जण महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला आणि तिथून विमानाने तीन तासांत शारजाला पोहोचलो.

भावाचा फ्लॅट दोन खोल्यांचा. भावजयीने आमच्यासाठी आतली खोली रिकामी केली होती आणि ती चौघं बाहेर झोपत होती. दुसऱ्याच दिवशी अम्मी म्हणाली, "आधी तू कुठं राहायचास ते दाखव." भाऊ टाळत होता. शेवटी एका संध्याकाळी रोला भागात घेऊन गेला. हा शारजातला जुना, आपल्या माणसांनी गजबजलेला भाग. एका इमारतीसमोर उभं राहून त्याने तिसऱ्या मजल्यावरची खिडकी दाखवली. तिथे खोली भाड्याने घेत नाहीत, खाट घेतात. एकावर एक लोखंडी खाटा, एका खोलीत आठ जण, आंघोळीला रांग. कुटुंबाचा व्हिसा काढायचा तर महिन्याला किमान चार हजार दिरहम पगार लागतो, कंपनीने राहायला जागा दिली असेल तर तीन हजार. तेवढ्यापर्यंत पोहोचायला भावाला सोळा वर्षं लागली.

अम्मी म्हणाली, "फोनवर तर म्हणायचास, खोली मोठी आहे."

"मोठीच होती की. आठ जण मावायचे."

परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

शुक्रवारची एक गोष्ट सांगायलाच हवी. अम्मीचं वय एकाहत्तर. आयुष्यभर तिने नमाज घरात पढली. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बायकांना जागा नाही. शारजात भावजय तिला जुम्म्याला घेऊन गेली. बायकांसाठी वेगळा दरवाजा, वेगळं वुजूखाना, गालिचा घातलेली स्वच्छ खोली आणि कडेला गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या. तिथल्या काही मशिदींत खुत्बा उर्दू-मल्याळममध्येही होतो, पण हा अरबीत होता. अम्मीला अर्थ कळला नाही, तरी ती शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत राहिली म्हणे. शेजारची अरब बाई हात न बांधता, सोडून उभी राहिली हे तिला नवल वाटलं. ही मालिकी पद्धत. तिकडे असरची अजानही आपल्या हनफी वेळेच्या आधी होते. घरी आल्यावर अम्मीने आम्हाला एवढंच विचारलं, "आपल्याकडे का नाही करत अशी खोली?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. कोल्हापुरात आल्यावर तिने हाच प्रश्न मशिदीच्या कमिटीतल्या एका चाचांना विचारला. ते "बघू" म्हणाले. ती दर आठवड्याला आठवण करते आहे.

वाळवंटाची सफर बदायरच्या तांबड्या टेकड्यांवर झाली. चालक आधी टायरमधली हवा कमी करतो, मग चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही. टेकडीच्या धारेवरून गाडी तिरकी घसरायला लागल्यावर आमच्या चिरंजीवांनी सकाळचा नाश्ता परत केला. त्याबद्दल इतकं पुरे.

पैशांचं मात्र थोडं बोलू. भाऊ सगळीकडे आमच्या आधी पाकीट काढत होता. आखातातला नातेवाईक म्हणजे फुकटचं लॉजिंग, असा आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो. त्याचा पगार दिरहममध्ये असेल, पण घरभाडं आणि मुलांची फीसुद्धा दिरहममध्येच जाते. आम्ही कोल्हापुरातूनच ठरवून निघालो होतो की फिरण्याचा आणि तिकिटांचा खर्च आमचा. झिपलाइनची दोन तिकिटं आम्ही आधीच ऑनलाइन काढली, एक मुलीचं आणि एक भावाचं. त्याला सांगितलं नव्हतं.

जबल जैस हा ओमानच्या सीमेवरचा डोंगर, शिखर एकोणीसशे मीटरहून उंच. आंबा घाट डोळ्यांपुढे आणा आणि त्यातलं झाड न् झाड काढून टाका, तसा नुसता खडक. तिथे 2004 आणि 2009 मध्ये बर्फही पडलं होतं. 2018 मध्ये सुरू झालेली ही झिपलाइन 2.83 किलोमीटर लांब आहे. माणसाला पालथं, डोकं पुढे करून तारेला अडकवतात. वेग ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत जातो.

अम्मी म्हणाली, "पैसे देऊन जीव टांगणीला लावायचा?" मुलीच्या हिजाबची तिला वेगळीच चिंता. तिथल्या एका मुलीने पिना काढायला लावल्या, ओढणीची टोकं जॅकेटमध्ये खोचली, वरून हेल्मेट घट्ट बसवलं. दोन मिनिटांचं काम. मग भावाला तिकीट दाखवलं. तो म्हणाला, "मी? मी तर इथं राहतो." बावीस वर्षांत तो रास अल खैमाला कितीदा तरी आला होता, प्रत्येक वेळी कुणाचा तरी एसी दुरुस्त करायला. डोंगरावर कधीच चढला नव्हता.

आम्ही खालच्या बाजूला, दरी दिसते तिथे थांबलो. अम्मीच्या हातात करक चहाचा कागदी पेला होता आणि ओठांवर आयतुल कुर्सी. एक ठिपका आला, मोठा झाला, सरसर आवाज करत समोरून गेला. ती आमची मुलगी. त्यानंतर दुसरा. तार दरीत टांगलेल्या एका फलाटावर संपते, तिथून दुसऱ्या, छोट्या तारेने परत यावं लागतं, त्यामुळे दोघं भेटायला बराच वेळ गेला. मुलगी आल्या आल्या म्हणाली, "नाद खुळा!" भाऊ काही बोलेना. त्याचे डोळे लाल झाले होते. वाऱ्यानं, म्हणाला. अम्मीने पदराने त्याचं तोंड पुसलं. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचं, सगळ्यांसमोर. त्याने पुसू दिलं.

शेवटच्या रात्री अम्मीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तांबडा रस्सा नव्या चटणीचा झाला. पांढऱ्याला खसखस लागते, ती तर नव्हती. तिने काजू आणि थोडे तीळ वाटून घातले, चाखून बघितलं आणि "जमला नाही" म्हणून जाहीर करून टाकलं. भावाने तीन वाट्या प्यायला.