आणेवारी आणि टक्केवारी

पैशाला त्याच्या नावाने हाक मारणे माणसे सहसा टाळतात. बाजारात तो ‘रोकडा’ असतो, सुटा झाला की ‘मोड’ किंवा ‘चिल्लर’ होतो आणि मोठा व्यवहार असला की ‘पेटी’त किंवा ‘खोक्या’त जाऊन बसतो. नाणे चलनातून बाद होते, त्याचे नाव मात्र भाषेत मागे राहते. दमडी आज कोणाच्या खिशात नाही. तरी ‘चमडी जाय पण दमडी न जाय’ हे आपण सहज म्हणतो. सोळा आण्यांचा रुपया १ एप्रिल १९५७ रोजी शंभर नव्या पैशांचा झाला, तरी खरी गोष्ट अजून ‘सोळा आणे’च खरी असते.

पैशाचे शब्द कोठून येतात? काही नाण्याच्या घडणीतून. ‘रुपया’च्या मुळाशी ‘रूप्य’ आहे आणि रूप्य म्हणजे ठसा उमटवलेले, असा अर्थ पाणिनीने नोंदवला आहे. काही शब्द परदेशांतून आले. ग्रीकांचा ‘द्राख्मे’ आपल्याकडे ‘द्रम्म’ झाला आणि पुढे ‘दाम’ बनून घरचाच झाला. काही शब्द वस्तूंच्या देवघेवीतून येतात. लॅटिन भाषेतील पैशाचा शब्द ‘पेकुनिया’ हा गुराढोरांच्या ‘पेकुस’ या नावावरून आला. अमेरिकेत डॉलरला ‘बक’ म्हणतात. ‘बक’ म्हणजे नर हरीण. अठराव्या शतकात तेथे हरणाच्या कातड्यांच्या हिशेबाने व्यापार चाले, त्यातून हा शब्द आला असावा, हे मत बहुतेक अभ्यासकांना पटते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात या शब्दांचे थर विशेष दाट आहेत. शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरी आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये त्याचे दौलताबाद करून तेथे राजधानी आणली आणि १३३०च्या सुमारास हलक्या धातूचा टंका चांदीच्या टंक्याच्या किमतीने चालवण्याचे फर्मान काढले. लोकांनी घरोघरी खोटी नाणी पाडली आणि ती योजना मागे घ्यावी लागली. पुढे निजामाच्या राज्यात ‘हाली सिक्का’ चालला. सात हाली रुपयांना इंग्रजी सरकारचे सहा ‘कलदार’ मिळत. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. माझ्या आजोबांच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द असत. एखाद्या माणसाला ते ‘कलदार’ म्हणाले, की त्याच्याविषयी आणखी काही विचारावे लागत नसे.

तो टंका आज कोठे आहे? ‘टका’ आणि ‘टक्का’ या रूपांत तो आपल्या तोंडी आहे. नाण्याच्या नावाला आधी शेकड्यातील हिश्शाचा अर्थ आला. मग ‘मतदानाचा टक्का’, ‘मराठी टक्का’ अशा प्रयोगांत तो माणसेही मोजू लागला. अर्थविस्ताराचे याहून सुबक उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र येथे सावध राहावे. ‘टक्केटोणपे’ या शब्दातील टक्का म्हणजे धक्का. त्याचा नाण्याशी संबंध नाही. ध्वनी सारखे असले म्हणजे कूळ एक असतेच असे नाही.

पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, ही मुंबईच्या चोरट्या व्यवहारांतील बोली. ऑगस्ट २०२२ मध्ये विरोधी आमदारांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर खोक्यांची घोषणा दिली आणि तो शब्द घराघरांत पोहोचला. ‘गाव जमला’ म्हणताना आपण गावातील माणसे जमली असे समजतो. त्याचप्रमाणे ‘खोका’ म्हणताना खोक्यातील रक्कम अभिप्रेत असते. ही आधाराधेय संबंधावर उभी असलेली लक्षणा होय. काव्यशास्त्राच्या पुस्तकात भेटणारी शब्दशक्ती रस्त्यावरच्या भाषेतही तितक्याच सफाईने काम करते.

पण या शक्तीचे काम नेहमीच निर्मळ नसते. लाच हा उघडा शब्द टाळून आपण ‘चहापाणी’, ‘चिरीमिरी’, ‘वजन’, ‘लक्ष्मीदर्शन’ म्हणतो. त्यांतला सर्वांत सभ्य दिसणारा शब्द ‘टक्केवारी’. गणिताच्या पुस्तकातला हा शब्द ठेकेदारीच्या जगात गेला आणि कामाच्या रकमेतून परस्पर काढून घेतलेल्या हिश्शाचे नाव झाला. चोरीला हिशेबाचे रूप मिळाले, की ती चोरी वाटेनाशी होते.

याच घडणीचा दुसरा शब्द मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा आहे. तो म्हणजे ‘आणेवारी’. पूर्ण पीक सोळा आणे मानून त्या वर्षीचे पीक किती आणे आले, हे ठरवण्याची ही रीत. दशमान नाण्यांनंतर सरकारी कागदावर तिची ‘पैसेवारी’ झाली. गावाने आणेवारी सोडली नाही. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर टंचाईच्या सवलतींचा दरवाजा उघडतो. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती असे निकष पुढे आणले. तरी गावागावांची पैसेवारी आजही जाहीर होते आणि तिच्याकडे डोळे लागलेले असतात. आमच्या एका संपर्कसत्रात शेती सांभाळून शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने आकडा सांगितला आणि म्हणाली, “सर, यंदा आमच्या गावाची आणेवारी जास्त लागली.” तिच्या स्वरात आनंद नव्हता. कागदावर पीक वाढले होते आणि घरात कापूस नव्हता. ‘जास्त’ या शब्दाचा अर्थ ‘कमी’ असा होऊ शकतो, हे कोणताही कोश सांगणार नाही, वापर सांगतो.

दोन्ही शब्दांची घडण एकच आहे. पुढे जुन्या नाण्याचे नाव, मागे ‘वारी’. एकाने शेतकऱ्याचे नुकसान मोजायचे असते, दुसऱ्याने मधल्या माणसाचा वाटा. पहिला आकडा गावासमोर जाहीर होतो आणि त्यावर हरकत घेता येते. दुसरा कोठेच लिहिला जात नाही, तरी संबंधितांना तो पाठ असतो. व्याकरणाला हा भेद दिसत नाही. तो बोलणाऱ्याने पाहायचा असतो. आपल्यापैकी कोणी बाजार समितीत काम करते, कोणी कार्यालयात, कोणी शेतात. तेथे पैशासाठी जे शब्द कानी पडतात ते वहीत टिपून ठेवावेत आणि प्रत्येकापुढे दोनच प्रश्न लिहावेत : हा शब्द काय मोजतो, आणि काय झाकतो?