बोटीनंतरची वाट

सागरी सफरींची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. त्यांत सूर्यास्त असतो, निळे पाणी असते, जहाजावरच्या पंगतींचे साग्रसंगीत वर्णन असते. आणि जहाज धक्क्याला लागले की लेखक लेखणी खाली ठेवतो. तो पुढे आपल्या घरी कसा पोहोचला हे तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. मी आज तेवढेच सांगणार आहे. सफर आठ दिवसांची होती, ती थोडक्यात आटोपतो. परतीची वाट दोन दिवसांची होती, आणि खरा प्रवास घडला तो त्या दोन दिवसांत.

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले की हुणसूरच्या पुढे, म्हैसूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, पिरियापट्टण लागते. तालुक्याचे गाव, चहूकडे मका, आले आणि तंबाखूची शेते. आगगाडी येथे नाही. नोकरीच्या बदल्यांत आमचे बिऱ्हाड बारा वर्षांपूर्वी येथे आले आणि येथेच रुजले. घरात आम्ही उभयता, दहा वर्षांची कन्या आणि ऐंशीला टेकलेली माझी आई.

सफर ठरली ती आईसाठी. तिचे माहेर विजयदुर्गाजवळचे. तिच्या लहानपणी कोकणात जायचे म्हणजे मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने जायचे. बोट खाडीच्या तोंडाशी नांगर टाकी, उतारू पडावात उतरत, आणि पडाव किनाऱ्याला लागेपर्यंत निम्म्या बायकांना ‘बोट लागलेली’ असे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची आणि पुढे ती कायमचीच बंद पडली. माहेरचे घरही विकले गेले. त्या घरातला शिसवी झोपाळा तेवढा आईने मागून घेतला; तो आता आमच्या पडवीत टांगलेला आहे. ‘एकदा पुन्हा बोटीत बसावंसं वाटतं,’ असे ती कित्येक वर्षे म्हणत असे. या दिवाळीच्या सुटीत तो योग आला. मुंबईहून निघून लक्षद्वीप, कोची आणि गोवे करून पुन्हा मुंबईस येणारे पर्यटनाचे जहाज होते. मजल्यांवर मजले, उद्वाहक, नाटकगृह, पोहण्याचा तलाव. आईने दुसऱ्या दिवशीच निकाल दिला, ‘ही बोट नव्हे रे, हे हॉटेल आहे.’ तरी रोज पहाटे ती डेकवर जाऊन कठड्याला धरून उभी राही. आठ दिवसांत तिला बोट एकदाही लागली नाही. मला मात्र दोनदा लागली.

येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. पिरियापट्टण सुमारे १२ अंश २० कला उत्तर अक्षांशावर आहे. कोचीहून गोव्याकडे येताना आमचे जहाज रात्रीच्या वेळी कासरगोडच्या बाजूने त्याच अक्षांशावरून गेले असणार. नकाशावर बोट ठेवून मी कन्येला दाखविले, की येथून सरळ पूर्वेला, दीडशे किलोमीटरच्या आत, आपले घर आहे. ती म्हणाली, ‘मग आपण इथेच का नाही उतरत?’ प्रश्न बिनतोड होता. आम्ही घराच्या दाराशी येऊन, घर ओलांडून मुंबईस जाणार होतो आणि तेथून उलट फिरून घरी येणार होतो. सहलीच्या पत्रकात ‘मुंबई ते मुंबई’ असे लिहिलेले असते; मुंबईपासून आपल्या उंबरठ्यापर्यंतचे अंतर ज्याचे त्याने मोजायचे असते. पैसे भरताना हे आपल्या ध्यानात येत नाही. आमच्याही आले नाही.

मुंबईला सकाळी उतरलो. सामान मिळण्यात आणि सोपस्कारांत दोन-अडीच तास गेले. विमानाचे भाडे चौघांना पेलणारे नव्हते, शिवाय आईला कोकण पाहायचे होते, म्हणून त्याच दुपारी कुर्ल्याच्या टर्मिनसवरून मंगळूरला जाणारी कोकण रेल्वेची गाडी पकडायची होती. ही घाई हीच आमची मोठी चूक. फलाटावर येताच आईने खांबाला मिठी घातली आणि ती डोळे मिटून म्हणाली, ‘अरे, हा फलाट हलतोय.’

मराठीत गाडी लागते, बोट लागते. पण बोटीतून उतरल्यावर जमीन लागते, याला आपल्याकडे शब्द नाही. वैद्यकाला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात बारीक अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव डोके हलेल तसा हलतो आणि शरीराच्या तोलाची वार्ता मेंदूला देतो. जहाजावर पहिले एक-दोन दिवस ही वार्ता आणि डोळ्यांना दिसणारी स्थिर खोली यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते. मग मेंदू शिकतो. लाटांचे हे हेलकावे म्हणजेच नेहमीची स्थिती, असे तो धरून चालतो आणि पावले त्याप्रमाणे पडू लागतात. ज्याचा मेंदू हे चांगले शिकला त्याला ते विसरायला वेळ लागतो, आणि जमिनीवर आल्यावरही तो नसलेल्या लाटांना तोंड देत राहतो. बहुतेकांचे हे डुलणे काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत थांबते. क्वचित कोणाला महिनोन् महिने त्रास होतो. त्याने वैद्याकडेच गेले पाहिजे. यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की माणूस चालत्या वाहनात बसला की डुलणे कमी होते आणि वाहन थांबले की परतते. हे सारे मला घरी आल्यावर डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी फलाटावर मी एवढेच पाहिले, की आईचा चेहरा पांढरा पडला आहे आणि गाडीला अद्याप चाळीस मिनिटे आहेत.

गाडी सुटली आणि आई सावरली. पनवेलच्या पुढे तिने चहा मागून घेतला. मी निर्धास्त झालो. पण चिपळूणला गाडी थांबली तशी तिने पुन्हा बाकाची कड धरली. त्या रात्री प्रत्येक स्टेशन आम्ही तिच्या चेहऱ्यावरून ओळखले. कोकण रेल्वे १९९८ साली सर्वांसाठी खुली झाली, तेव्हापासून बोगदे आणि पूल ओलांडीत एका रात्रीत मुंबईहून मंगळूर गाठता येते. आगबोटीच्या काळातल्या माणसाला हे अजूनही स्वप्नवत वाटते. आपले गाव मात्र या गाडीला दिसत नाही, कारण रूळ किनाऱ्यापासून आत आहेत. रात्री उशिरा गाडी कणकवलीत उभी राहिली. दिव्यांखाली फलाट रिकामा होता. कन्येने झोपेतच विचारले, ‘आजी, तुझं घर आलं?’ आई खिडकीला चिकटून होती. ‘कणकवली आलं,’ एवढेच ती म्हणाली.

सकाळी मंगळूरला उतरलो तेव्हा अंग मोडून आले होते. येथून पिरियापट्टण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर आहे आणि वाट घाटाची. बसमध्ये पुत्तूर गेले, सुळ्य गेले. सुपारीच्या बागा दाट होत गेल्या आणि संपाज्यानंतर चढ लागला. समुद्रसपाटीवरून निघालेली बस मडिकेरीला साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची गाठते. ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत याच घाटात जोडुपाळ्याच्या बाजूला डोंगर खचून रस्ता बंद पडला होता. त्या दरडींच्या खुणांवर आता हिरवे उगवले आहे. वळणावळणांवर कन्येला आणि सौभाग्यवतींना गाडी लागली. मागच्या बाकावर एक कोवळा जवान लिंबू हुंगत बसला होता. साऱ्या बसमध्ये आई तेवढी ताठ बसून, जणू डेकवर उभे राहून लाटा पाहावे तशी, वळणे पाहत होती. मला तिचे कौतुक वाटले आणि भीतीही वाटली. कारण ही बस कधी तरी थांबणार होती.

मडिकेरीहून उतरताना मला इतिहासातले एक परतीचे प्रकरण आठवले. तिसऱ्या म्हैसूर युद्धात मुंबई इलाख्याच्या पलटणी समुद्रमार्गे मलबारात उतरल्या, कोडगूचे डोंगर चढल्या आणि १७९१ च्या मे महिन्यात पिरियापट्टणापर्यंत येऊन पोहोचल्या. त्यांचा सेनापती जनरल ॲबरक्रॉम्बी. श्रीरंगपट्टणाचा वेढा कॉर्नवॉलिसने त्या वर्षी सोडून दिला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज धान्यसामग्रीसह त्याला भेटली, म्हणून त्याचे उपाशी सैन्य तगले, हे आपण शाळेत वाचले असेल. पिरियापट्टणच्या पलटणींच्या वाट्याला अशी भेट आली नाही. जड तोफा तेथेच टाकून, भर पावसात, आलेल्या वाटेने त्यांना पुन्हा समुद्राकडे उतरावे लागले. त्या शिपायांत कोकणातली माणसे होती. त्यांतले किती आपल्या खाडीला परत लागले, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत मला कोठे सापडली नाही.

कुशालनगरला बस भरली. माझ्या आईच्या शेजारी एक तिबेटी वृद्धा येऊन बसली. अंगात त्यांचा लांब झगा, वर पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, हातात जपमाळ आणि भाजीची पिशवी. कुशालनगर सोडताच कावेरीचा पूल लागतो. अलीकडे कोडगू, पलीकडे आमचा पिरियापट्टण तालुका. पलीकडच्या माळावर बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहती आहेत. १९५९ साली आपला देश सोडून आलेल्या लोकांना तेव्हाच्या म्हैसूर सरकारने येथे जंगलाची जमीन दिली आणि १९६०-६१ च्या सुमारास पहिली वस्ती उभी राहू लागली. बर्फाच्या मुलखातल्या माणसांनी येथल्या उन्हात झाडे तोडली आणि मका पेरला. आज तेथे मोठमोठे मठ आहेत, सोनेरी मूर्तींचे मंदिर पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी मोटारींची रांग लागते, आणि तिबेटात कधीही न गेलेली दुसरी-तिसरी पिढी अस्खलित कन्नड बोलते.

आईची दशा पाहून त्या बाईने विचारले, ‘मनेगा?’ म्हणजे घरी का? बारा वर्षांच्या बाजारहाटात आईला कामापुरते कन्नड आले आहे. ती म्हणाली, ‘हौदु, मनेगे.’ आणि मग उलट विचारले, ‘नीवु?’ बाई हसली. ‘बैलकुप्पे,’ ती म्हणाली. पुढच्या थांब्यावर उतरताना तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पिशवीतली दोन संत्री कन्येला दिली. रस्त्याकडेच्या दोऱ्यांवर रंगीत पताका फडफडत होत्या. बस सुटल्यावर आई बराच वेळ मागे पाहत राहिली.

बैलकुप्प्यापासून पिरियापट्टण पंधरा-सोळा किलोमीटर. तंबाखूची पाने भाजण्याची उंच भट्टीघरे शेतांतून उभी होती; हंगाम संपत आला होता, तरी एखाद्या ठिकाणाहून लाकडाचा धूर येत होता. त्या वासाने मला घर आल्याचे कळते. बसस्थानकावर उतरलो, रिक्षा केली, कुलूप काढले. आठ-दहा दिवसांची कोंदट हवा, बंद पडलेले घड्याळ, वाळलेली तुळस. आई उंबरठ्याच्या आत आली, दोन पावले टाकली आणि मटकन खाली बसली.

सबंध वाटेत झाले नव्हते ते आता झाले. घर हलत नव्हते, म्हणूनच ते तिला सर्वांत अधिक हलत होते. पलंगावर निजविले तर ती दोन्ही हातांनी कडा धरून ठेवी. डॉक्टर येऊन गेले; रक्तदाब पाहिला, धीर दिला, एकटीला उठू देऊ नका, न्हाणीघरात कोणी तरी बरोबर असू द्या, असे बजावले. आपल्या घरी कोणी सत्तरीपुढचे माणूस जहाजाने जाणार असेल, तर एवढे करा : उतरल्यावर निदान एक दिवस बंदराच्या गावीच मुक्काम करा, सामान थोडे ठेवा, आणि घरी पोहोचल्यावर पहिल्या दोन रात्री माणसाला आधारावाचून फिरू देऊ नका. पडण्याची भीती लाटांवर असते त्यापेक्षा आपल्या ओळखीच्या फरशीवर अधिक असते, कारण तेथे आपण बेसावध असतो. आम्ही यांतले काहीच आधी केले नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास आई म्हणाली, ‘मला पडवीत ने.’ बाहेर गारठा होता. सौभाग्यवतींनी नको म्हटले. पण ती ऐकेना. आम्ही दोघांनी धरून तिला झोपाळ्यावर बसविले, पाठीशी उशी दिली, शाल लपेटली, आणि मी एका हाताने कडी धरून सावकाश झोका देऊ लागलो. कड्या कुरकुरल्या. पाच-दहा मिनिटांत तिच्या मुठी सुटल्या. ‘आता बरं वाटतंय,’ ती म्हणाली. ‘थांबू नकोस.’ हे तिला कसे सुचले कोण जाणे. डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते. मी थांबलो की ती डोळे उघडी. शेवटी कन्या उठून आली आणि आम्ही पाळीपाळीने झोके दिले.

दुसऱ्या रात्रीही तसेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा झोपाळा रिकामा होता. आई अंगणात होती. भिंतीला एक हात लावून, वाळलेली तुळस उपटून तिच्या मंजिऱ्या ती दुसऱ्या हाताने कुंडीत चुरीत होती.