आईचा जोगवा

सोलापूर
पितृपंधरवडा

चि. सोनूस,


तुझा परवाचा मेसेज वाचला. गेल्या नवरात्रातला, आईच्या हातात परडी असलेला फोटो तुझ्या जर्मन रूममेटनं पाहिला आणि विचारलं, 'तुझी आई भीक का मागते?' तुला उत्तर देता आलं नाही. आईला विचारलंस तर ती 'देवीचं आहे गं' म्हणून विषय बदलते. बदलणारच. तिच्या तोंडून हे कधी निघायचं नाही, म्हणून मी लिहिते. सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे.

तुम्ही तिळे होतात आणि धाकटा गेला, एवढं तुला माहीत आहे. २००० साली पितृपंधरवड्यात, तिसाव्या आठवड्यातच आईला कळा सुरू झाल्या. तिळ्यांचे दिवस सहसा पूर्ण भरत नाहीतच, पण डॉक्टरांना अजून दोन-तीन आठवडे तरी काढायचे होते. जमलं नाही. सिझेरियन झालं. तू साडेअकराशे ग्रॅमची, दादा तुझ्याहून जरासा जड आणि धाकटा जेमतेम नऊशेचा. तिघं तीन काचेच्या पेट्यांत.

तुझ्या आजीला वजनाहून वेळेची धास्ती होती. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापूरची भवानी घोरनिद्रेला जाते. तिथली मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून उचलून शेजघरात पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा सिंहासनावर बसवतात. 'कुलदेवी निजलेली असताना लेकरं आली, आता हाक मारायची कुणाला?' असं म्हणत आजी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिली. त्यात घरात सुवेर. देवघरात दिवा लावायचा नाही, पोथीला हात लावायचा नाही. ज्या आधारावर आपली माणसं अशा वेळी उभी राहतात, तो सगळाच बंद.

तुझ्या आईनं त्यातून वाट काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं की बाळांना कारणाशिवाय हात लावायचा नाही, त्यांना जितकी झोप मिळेल तितकं वजन धरेल. आई काचेपाशी खुर्ची घेऊन बसायची आणि मला म्हणायची, 'भवानी निजते ती महिषासुराशी लढायचं बळ यावं म्हणून. माझीही तेवढ्याचसाठी निजलीत. निजू दे.' डॉक्टरांचं सांगणं आणि देवीची कथा तिच्या मनात एकमेकांच्या आड कधी आलीच नाहीत. इंजेक्शनांच्या वेळा तिला पाठ होत्या, मॉनिटरवरचा आकडा खाली आला की सिस्टरांच्या आधी तिला कळायचं, आणि ओठ मात्र सारखे हलत असायचे, 'आई राजा उदो उदो'.

एक गोष्ट अजून डोळ्यांपुढून जात नाही. एवढी लवकर आलेली बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात. तू तर फारच विसरायचीस. अंग निळसर व्हायला लागलं की सिस्टर पेटीच्या खिडकीतून हात घालून तुझ्या तळपायावर बोटानं टिचकी मारायच्या. पाऊल माझ्या अंगठ्याएवढं. टिचकी बसली की तू दचकायचीस आणि छातीचा भाता पुन्हा चालू व्हायचा. रात्रपाळीच्या त्या सिस्टरांचं हे ऋण कुठल्याही नवसानं फिटणारं नाही, असं तुझे बाबा आजही म्हणतात.

धाकटा तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. फुप्फुसं उघडी ठेवणारा एक पदार्थ शेवटच्या आठवड्यांत तयार होतो, तोच त्याच्यात पुरेसा नव्हता. अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींचा मुलगा १९६३ साली याच आजारानं गेला. तो तर दोन किलोंच्या वरचा होता आणि त्याला बोस्टनला नेलं होतं. पुढं त्यावर सर्फॅक्टंट नावाचं औषध निघालं आणि जगभर असंख्य बाळं वाचली. पण नऊशे ग्रॅमच्या जिवाला ते नेहमीच पुरं पडतं असं नाही. बाबा त्याला घेऊन गेले. आई टाक्यांमुळं बरोबर जाऊ शकली नाही.

आणि आता जोगव्याचं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, उरलेल्या दोघांना नळीतून थोडं थोडं दूध सुरू करायचं आहे, आईचंच हवं. तिला दूधच येईना. शस्त्रक्रिया, जागरण आणि त्यात हे दुःख. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ सालीच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती, पण आमच्या आसपास तसं काही नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डातल्या बाळंतिणींना विचारून पाहा. मी उठले, तर आईनं माझ्या हातातून वाटी घेतली. 'लेकरं माझी आहेत, मी मागते.' बँकेतली अधिकारी, उभ्या जन्मात कुणाकडं चिमूटभर साखर न मागितलेली बाई, एका हातानं टाके धरून, दुसऱ्या हातात उकळून घेतलेली स्टीलची वाटी घेऊन एकेका खाटेपाशी जाऊन उभी राहिली. एकीनं तोंड फिरवलं. बाकीच्यांनी दिलं. एक विडी कामगार बाई होती, तिनं वाटी तिच्याकडून घेऊन पदराआड धरली आणि परत देताना म्हणाली, 'बाई, रडू नका, उद्याही या.' आज दूध तपासून, पाश्चराइज करून देणाऱ्या पेढ्या झाल्यात आणि तेच योग्य आहे. त्या दिवशी मात्र तुमच्या पोटात पहिलं गेलं ते या मागून आणलेल्या वाटीतलं. पुढं आईला दूध आलं. डॉक्टरांनी तुम्हाला उघड्या छातीशी बांधून ठेवायला शिकवलं. कोलंबियात बोगोटाला १९७८ साली इनक्युबेटर कमी पडले तेव्हा सुरू झालेली ही पद्धत. आई थकली की बाबा बनियन काढून दादाला छातीशी घ्यायचे.

घटस्थापनेला देवी सिंहासनावर बसली, तेव्हा आपल्या घरी घट बसला नव्हता. आईनं वॉर्डातच मनाशी बोलून ठेवलं की जिवंत आहे तोवर नवरात्रातल्या मंगळवारी आणि शुक्रवारी पाच घरी जोगवा मागेन. बाबा कोजागरीला सोलापूर ते तुळजापूर पायी जातात, तेही तेव्हापासूनच.

नवस केला म्हणून तुम्ही जगलात, असं तुझी आई चुकूनही म्हणत नाही. एका नातेवाईक बाईंनी तसं म्हटलं तर तिनं तिथल्या तिथं थांबवलं, 'मग धाकट्याला देवीनं नको म्हटलं का?' दुसऱ्यांनी दिलेल्यावर आपली लेकरं वाढली, हे विसरायचं नाही, एवढ्यासाठी ती पदर पसरते. मागून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी करते आणि त्या दिवशी तेवढंच खाते. माझ्या मते श्रद्धा याहून चोख असू शकत नाही.

मैत्रिणीला यातलं वाटेल तेवढं सांग. लाजण्यासारखं यात काही नाही. आणि घटस्थापना पुढच्याच आठवड्यात आहे, तेव्हा पहिल्या मंगळवारी संध्याकाळी आईला आठवणीनं फोन कर. मी पत्र लिहिल्याचं बोलू नकोस. कुठल्या पाच घरी गेली आणि परडीत काय काय मिळालं, ते विचार. ते सांगायला तिला फार आवडतं.

तुझी,
मावशी