बागी कोण, डाकू कोण?

चीन म्हटले की आम्हा सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर तिकडे गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी पुस्तक लिहिले. ते वाचून चीनविषयी जे मिळेल ते वाचू लागले, तेव्हा एका जुन्या कादंबरीची ओळख झाली. नाव 'शुईहू झुआन', म्हणजे पाणकाठची कथा.

मिंग काळातल्या या कादंबरीत १०८ बागी लियांगशानच्या दलदलीत आसरा घेतात. हौसेने नव्हे. लिन चोंग हा शाही फौजेचा उस्ताद. बड्या अधिकाऱ्याच्या दत्तक मुलाची नजर त्याच्या बायकोवर जाते आणि त्याच्यावर खोटा आळ येतो. चिनी भाषेत आजही नाइलाजाने टोकाला गेलेल्या माणसाबद्दल 'त्याला लियांगशान गाठायला भाग पाडले' असे म्हणतात.

या कथेचा शेवट मात्र एक राहिला नाही. मूळ कथेत म्होरक्या सोंग जियांग बादशहाची माफी स्वीकारतो. दरबार त्याच बागींना दुसऱ्या बंडावर पाठवतो, बहुतेक मरतात आणि शेवटी सोंगला दारूतून विष दिले जाते. सतराव्या शतकात जिन शेंगतान या टीकाकाराने माफीचा सारा भाग कापला आणि बागींची मुंडकी उडाल्याच्या स्वप्नावर कथा संपवली. १९७५ साली माओंनी सोंगला शरणागत ठरवले. १९९८ च्या ४३ भागांच्या चिनी मालिकेत माफी पुन्हा आली. जपानमध्ये तर १९९५ साली या १०८ वीरांच्या कल्पनेवर व्हिडिओ गेम निघाला. सांगणारा बदलला की शेवट बदलतो.

आपल्याकडे ही जागा अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'ची आहे. कादंबरी १९५९ ची, मराठी चित्रपट १९६३ चा. वाटेगावचा फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, इंग्रजांचा खजिना लुटतो. शेवटी तोही स्वतःला सरकारच्या हवाली करतो. पण माफीसाठी नव्हे, आपल्या माणसांच्या सुटकेसाठी. लिन चोंगला आधी इज्जत होती, ती हिरावली गेली. फकिराच्या मांग समाजाला मात्र सरकारदरबारी हजेरी द्यावी लागत होती. गुन्हा नंतर, शिक्का आधी!

या शिक्क्याची खूण आमच्या शहरातही आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. वस्तीचे 'सेटलमेंट' हे नाव अजून तोंडात आहे.

मी उर्दू शाळेत नववीला मराठी शिकवते. अण्णाभाऊंविषयी बोलताना हे सगळे वर्गात सांगितले. उर्दूत डाकू वेगळा आणि बागी वेगळा, हे मुलांना चटकन समजले. पण एका मुलाने विचारले, "टीचर, पैदा होते ही कोई चोर कैसा होता?"

बी.एड.च्या कोणत्याही पाठ नियोजनात या प्रश्नाचे उत्तर नाही. पण त्या मुलांना त्याचा अर्थ कळत होता. बहुतेकांच्या घरी विडी नाहीतर यंत्रमाग आहे. वरच्या शिक्षणासाठी मोठ्या शहरात गेलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला खोली पसंत पडली, भाडे ठरले. नाव सांगितल्यावर खोली 'कालच गेली' असे उत्तर मिळाले. वर्गातल्या मोठ्या भावाबहिणींकडून असे किस्से त्यांनीही ऐकले आहेत.

ही तक्रार रास्तच आहे. पण ती करताना आपण आपल्या मोहल्ल्याकडेही पाहायला हवे. पारधी बाई गल्लीत आली की ओट्यावरच्या वस्तू आत जातात. 'नजर रखो' असे पोरांना सांगितले जाते. तिने काय केले आहे, हे कुणाला ठाऊक नसते. ती कोण आहे, एवढे पुरते. कायदा १९५२ साली गेला, आपल्या उंबऱ्यावरचा अजून गेलेला नाही.

मुलाला मी सांगितले, "कोई नहीं होता, बेटा. लिखनेवाला लिख देता है." मग वर्गाला गृहपाठ दिला : घरी जाऊन विचारा, आपण कुणाकुणाला न ओळखता चोर म्हणतो?

दुसऱ्या दिवशी वह्या भरून आल्या. त्या वह्या पालकसभेत वाचून दाखवायच्या, असे मी ठरवले आहे.