कसं बंद पडलं, ते सांगा

फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला : कसं बंद पडलं? समोरचा माणूस आधीच वैतागलेला असतो. मांडवात अक्षता वाटून झालेल्या असतात, नाहीतर सप्ताहात कीर्तनाला महाराज उभे राहिलेले असतात, आणि हा मिस्त्री चौकशा करत बसलाय. "कसं म्हंजी? सारखं बंद पडायलंय बघा. या की तुम्ही लवकर." मी येतोच. पण निघायच्या आधी तोच प्रश्न पुन्हा विचारतो. आचके देत देत गेलं, का दबत दबत गेलं, का कुणी बटण दाबावं तसं एकदम गेलं?

याचं उत्तर नीट मिळालं तर अर्धं काम परभणीत, जिंतूर रोडवरच्या माझ्या शेडमध्ये बसूनच होतं. आचके देत गेलं म्हणजे डिझेल पोचत नाही. फिल्टर तुंबलाय, कुठल्यातरी जोडातून पाइप हवा ओढतोय किंवा टाकीचा तळ लागलाय. दबत गेलं, म्हणजे ट्यूबा आधी पिवळ्या पडल्या, पंखे मंदावले आणि मग इंजिन घरघरून थांबलं, तर लोड जास्त आहे. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. त्यासाठी बहुतेक डिझेल जनरेटर मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालतात. ताकदीबाहेर ओझं टाकलं की या फेऱ्या घसरतात आणि गव्हर्नरनं कितीही डिझेल सोडलं तरी सावरत नाहीत. दहा केव्हीएचा जनरेटर म्हणजे दहा किलोवॅट नव्हे, आठच, हे मांडववाल्यांना सांगून माझा घसा बसलाय. त्यात पाण्याची मोटर नाहीतर एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू लोडच्या पाच-सहापट करंट क्षणभर ओढतो. तो क्षण जनरेटरला झेपला पाहिजे.

आणि एकदम गेलं, कसलीही कुरकुर न करता? तर इंजिन स्वतःहून मेलेलं नसतं, त्याला थांबवलेलं असतं. ऑइलचं प्रेशर उतरलं किंवा हीट वाढली की तिथला स्विच डिझेल तोडायला लावतो. असा जनरेटर बहुतेक वेळा थोड्या वेळानं निमूटपणे सुरूही होतो. म्हणून लोक म्हणतात, "इंजिनात काही नाही, सेन्सरच खराब झालाय." आणि मग कुणीतरी शहाणा सेन्सरची वायर डायरेक्ट करून देतो. माझं या धंद्यात कुणाशी भांडण झालं असेल तर ते याच एका कामावरून.

मी शिकलो पीटर इंजिनावर. राजकोटकडं बनणारी ती लिस्टरच्या धाटणीची, मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची, हँडल मारून सुरू करायची इंजिनं. शेजारी पाण्याचं पिंप, त्यातून गरम पाणी वर-खाली फिरायचं. सेन्सर वगैरे काही नाही. माणसानं कान द्यायचा, पिंपात हात घालून बघायचा. पुढं मराठवाड्यात लोडशेडिंगची ती वर्षं आली, बारा-बारा तास लाईट नसायची, आणि दुकानोदुकानी जनरेटर आले. माझ्या पोटापाण्याची घडी तेव्हाच बसली, खोटं कशाला बोलू. २०१३ च्या दुष्काळात तर गंगाखेडपलीकडचं परळीचं औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावं लागलं, कारण पाणी नव्हतं. शेकडो मेगावॅटची ती यंत्रं आणि माझ्या शेडमधला पाच केव्हीएचा डबा, थांबायचं कारण दोघांचं एकच. तयार झालेली उष्णता बाहेर न्यायला काही तरी लागतं. ते नसेल तर थांबा.

परभणीत फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. आकाशपाळणे, खेळण्यांची दुकानं, मिठाईवाले. या गर्दीत जनरेटरच्या गाड्या रांगेनं उभ्या असतात, आणि एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जाते. तिथं माझं निम्मं काम गाड्या हात-दोन हात सरकवायचं. पाना लागतच नाही.

तमाशाच्या फडांची तऱ्हा निराळी. दसऱ्यापासून पुढं ही माणसं ट्रकवरच संसार करतात. स्टेज, पेट्या, बिछाने, भांडी सगळं गाडीत, आणि एका गाडीवर जनरेटर. नांदेडकडं माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते. तिथून परतणारा एक फड गंगाखेडच्या अलीकडं मुक्कामाला होता. त्यांचा जनरेटर गण-गौळण होईपर्यंत चाले आणि वगाला रंग भरला की आचके देऊन बंद पडे. फिल्टर बदलून झाले होते, पंप उघडून झाला होता. मॅनेजर म्हणाला, "मिस्त्री, ह्येला वगच आवडत नाही वाटतं." मी सुरू करून शेजारी बसलो. आचके सुरू झाल्याबरोबर टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा सुरात आलं. अवकाळी पावसाचं पाणी डिझेलात जाऊ नये म्हणून कुणीतरी झाकणावर मेणकापड घट्ट बांधून टाकलं होतं. झाकणाला बारीक भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पंपाला डिझेल सुटत नाही. भोक उघडं ठेवून वरून पत्र्याची टोपी बसवून दिली. मजुरी घ्यायची लाज वाटली. पण त्यांनी पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

आता ज्या गाडीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. पुण्याकडचं निवृत्त जोडपं. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आत पलंग, ओटा, न्हाणी, एसी असं घर करून घेतलेलं. औंढ्याला नागनाथाचं दर्शन झालं होतं, परळीला वैजनाथाला जायचं होतं, आणि या दोन्ही ज्योतिर्लिंगांच्या मधे परभणी. फाल्गुनातली दुपार, हवा अडतीस अंशांची. गाडीच्या डाव्या अंगाला, फरशीखालच्या पत्र्याच्या डब्यात हवेवर थंड होणारा लहान डिझेल जनरेटर. एसी लावला की पाऊण तासाच्या आत एकदम बंद. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चालू. काकांनी वही ठेवली होती. कुठं, किती वाजता, काय चालू असताना बंद पडला, सगळं टिपलेलं. असं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं. वाटेत एका गावी फिल्टर बदलले होते, दुसऱ्या ठिकाणी व्होल्टेजची प्लेट. तिथल्याच मिस्त्रीनं हीटची वायर डायरेक्ट करून देतो म्हणून सांगितलं होतं. काकूंनी नको म्हटलं.

वही वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरली. रस्त्यावर मोकळ्या जागी चहाला थांबले तेव्हा तासभर चालूनही बंद पडला नव्हता. मुक्कामाच्या ठिकाणी मात्र हमखास. मी विचारलं, "मुक्कामाला गाडी कशी लावता?" काका म्हणाले, "जनरेटरची बाजू भिंतीकडे करतो. आवाजाचा लोकांना त्रास नको."

त्यांचा हा सभ्यपणाच इंजिनाचा गळा धरत होता. डब्यातून निघणारी गरम हवा भिंतीवर आदळून परत त्याच डब्याच्या तोंडात शिरत होती. मी शेडच्या भिंतीलगत गाडी तशीच लावून घेतली, एसी चालू केला आणि हवा आत घेणाऱ्या जाळीपाशी थर्मामीटर टांगला. बाहेर अडतीस, जाळीपाशी काटा साठीच्या जवळ. एवढी गरम हवा पिऊन कुठलं इंजिन थंड राहील? जाळीही धड नव्हती. येताना मानवतला जिनिंगच्या शेजारी एक रात्र काढली होती. जाळीवर कापसाच्या तुसाचा थर बसला होता, वर आपल्या काळ्या मातीची धूळ. गोधडीसारखा अख्खा निघून आला. त्यात डबा बनवणाऱ्यानं आवाज मरावा म्हणून आतून फोम चिकटवलेला, तो सुटून हवेच्या वाटेत लोंबत होता. २००२ साली केंद्रानं १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनरेटरसाठी १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा घातली, तेव्हापासून डबे बंदिस्त झाले. ते चांगलंच झालं. पण कारखान्यातला डबा हवेचं गणित करून बनतो आणि गल्लीतला डबा फक्त आवाजाचं.

आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा वेगळी करायला मधे पत्रा मारला, गरम हवेचं तोंड मागच्या बाजूला वळवलं, फोम काढला, जाळी दर मुक्कामाला ब्रशनं झाडायला सांगितली. काम संपत आलं होतं. एवढ्यात काकू सहज बोलून गेल्या, "संध्याकाळी माझं डोकं फार जड होतं हो, उन्हाचं असेल."

मी पाना खाली ठेवला. गाडीत शिरून पलंगाखालची फळी उचलली. जनरेटरच्या वायरी वर आणायला फरशीला भोक पाडलेलं होतं आणि वायरीभोवती बोट जाईल एवढी मोकळी जागा. भिंतीवरून गरम हवा परत येत होती, तिच्याबरोबर सायलेन्सरचा धूरही येत होता, आणि एसीसाठी खिडक्या बंद. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि माणसाला फक्त डोकं जड झाल्यासारखं, झोप आल्यासारखं वाटतं. इंजिनालाच ताजी हवा कमी पडली की तो आणखी जास्त तयार होतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन माणसं मरून पडलेली सापडली. जनरेटरचा धूर फरशीच्या भोकातून आत आला होता, असं तपासात निघालं.

भोक बुजवलं. सायलेन्सरचा पाइप लांबवून गाडीच्या मागं, खिडक्यांपासून दूर काढला. वायूची सूचना देणारा शंभर-दोनशे ग्रॅमचा डबा बाजारात मिळतो, तो उशाशी लावायला सांगितला. मग काकांना त्यांच्याच वहीतल्या नोंदी दाखवल्या. पाऊण तासानं जनरेटर थांबायचा, काका वैतागून दार उघडून खाली उतरायचे, पंधरा-वीस मिनिटं गाडीत वारा खेळायचा. रोज. त्या गावी वायर डायरेक्ट झाली असती तर जनरेटर रात्रभर चालला असता, आणि दारं-खिडक्या रात्रभर बंद राहिल्या असत्या. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी मात्र त्या मिस्त्रीला दोन शब्द सुनावले, तो तिथं नसताना.

राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा घरगाड्या आता आमच्या रस्त्यानंही दिसायला लागल्यात. काहींत जनरेटर नसतो, लिथियमच्या बॅटऱ्या असतात. माझा धंदा त्यानं कमी झाला तरी मी त्याला चांगलंच म्हणेन. ज्यांच्याकडं जनरेटर आहे त्यांना एवढीच विनंती : तो चालू ठेवून गाडीत झोपू नका, आणि तोंड भिंतीकडं करून लावू नका. बंद पडला तर कसा बंद पडला ते ध्यानात ठेवा आणि मिस्त्रीला तेच आधी सांगा. त्यानं वायर डायरेक्ट केली असेल, तर ती पुन्हा जोडून घेतल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नका.