फायरवॉल दुरुस्त करायचा की बदलायचा?

मंडळी, आमच्या पतसंस्थेतला फायरवॉल गेल्या आठवड्यात गेला. लाईट गेली, आली, पण डबा काही उठेना. मी संचालक मंडळात, त्यात कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधी साधं तपासलं. १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मल्टिमीटरवर ९ च दाखवत होता. दुसरा लावला, दिवे लागले, पण पुढे बूटच होईना. म्हणजे बोर्ड किंवा आतली फ्लॅश. दुरुस्तीवाला ३ हजार म्हणाला. नवा, लायसन्ससकट, ४० हजारांच्या पुढे. मीटिंगमध्ये हात कुठल्या बाजूने वर गेले ते सांगायला नकोच!

माझा आक्षेप ३ हजारांना नाही. या मॉडेलचे सुरक्षा अपडेट कंपनीने दोन वर्षांपूर्वीच बंद केलेत. डबा चालू होईल हो, पण रोज सापडणारी नवी भोकं बुजवणार कोण? मागे सभासदांची खाती आहेत. शिवाय सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे, सायबर घटना ६ तासांत कळवायची. अपडेट चालू असते तर दुरुस्तीला पहिला हात माझाच असता.

आणखी एक. डब्यात व्हीपीएनच्या किल्ल्या, पासवर्ड तसेच आहेत. बूट होत नाही, म्हणजे पुसताही येत नाहीत. म्हणून ते सगळे बदलायला घेतलेत, आणि डबा माझ्या कपाटात कुलपात आहे. भंगारवाल्याला देणार नाही.

रविवारी सभा आहे. सभासदांनी यावं, विचारावं.