धवलेरीचं मानधन

वसई,
कार्तिक पौर्णिमा

चि. सोनू हिस,


तुझं पत्र पोचलं. अटलांटाच्या समाजकार्याच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात बाईंनी सांगितलं की कृष्णवर्णीय वस्तीत काम करायचं असेल तर त्या लोकांची स्वतःची जगण्याची रीत मध्यभागी ठेवून शिका, बाहेरचं माप घेऊन जाऊ नका. त्यावर तू विचारलंस, ‘मावशी, हे शिकून मी वसईत येऊन काय करणार?’ या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक सांगते. तू ज्या शाळेत आहेस ती साधीसुधी नाही. 1920 साली ती निघाली तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्याला समाजकार्य शिकायला दुसरीकडे फारशी जागा नव्हती. तिचे संचालक फ्रेझर यांनी 1927 मध्ये लेख लिहिला की वंशद्वेष हा गोऱ्यांच्या मनाचा आजार आहे. त्या लेखापायी त्यांना धमक्या आल्या आणि अटलांटा सोडावं लागलं. मला हे फार मोठं वाटतं. समाजकार्याच्या पुस्तकात रोगी नेहमी गरीब माणूस असतो. फ्रेझर यांनी बोट उलट्या बाजूला दाखवलं. पुढे 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या समाजकल्याणाच्या मोठ्या परिषदेतून काळे समाजकार्यकर्ते उठून बाहेर पडले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. आफ्रिकेला मध्यभागी ठेवणारी दृष्टी मांडणारं असांते यांचं पुस्तक 1980 चं, आणि हीच दृष्टी समाजकार्यात नीट मांडणारं शीले यांचं पुस्तक 2000 चं. त्यांचं म्हणणं असं: माणूस एकटा नसतो, त्याची ओळख त्याच्या माणसांत असते. देवधर्म आणि भावना यांतूनही खरं ज्ञान मिळतं. आणि ज्याचं दुःख आहे त्याला त्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळतं. मला समजलं ते एवढं. तुमच्या बाई याहून बारकाईने सांगतील.

आपल्याकडे काय आलं ते बघ. 1936 साली मुंबईत दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पहिली शाळा निघाली. नागपाड्याच्या वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी मॅन्शार्ट तिचे पहिले संचालक. माणूस तळमळीचा होता, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण बोटीतून जी पुस्तकं उतरली ती मेरी रिचमंड यांच्या वळणाची: केस, निदान, उपचार. अटलांटाची शाळा तेव्हा सोळा वर्षांची झाली होती. तिथली पुस्तकं आपल्या कपाटात आली नाहीत. याची हळहळ अधिकच वाटते, कारण आपल्या माणसांना दलितांचं आणि अमेरिकेतल्या काळ्यांचं नातं ठाऊक होतं. बाबासाहेबांनी 1946 मध्ये तिकडचे काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रो लोकांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. ते ड्यू बॉइस तुझ्याच अटलांटात कित्येक वर्षं शिकवत होते. आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पॅंथर निघाली ती नावासकट तिकडची. कवींनी, कार्यकर्त्यांनी हा धागा पकडला. समाजकार्याच्या वर्गाला तो फार उशिरा दिसला. पुढे त्याच शाळेत, म्हणजे आताच्या टाटा संस्थेत, दलित आणि आदिवासी अभ्यासाची वेगळी शाखा निघाली ही चांगली गोष्ट. पण आपल्याकडे फील्डवर्कला येणारी बहुतेक मुलं अजूनही तोच जुना फॉर्म घेऊन येतात.

त्या फॉर्मची एक गोष्ट सांगते. महामार्ग ओलांडून पारोळच्या बाजूला गेलं की वारल्यांचे पाडे लागतात. तिथे एका कॉलेजची मुलगी गृहभेटीला आली होती. हुशार, मनापासून काम करणारी. कुडाच्या घरात एक बाई बसलेली, अंगावर एक मूल, दुसरं ओट्यावर. ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यापाशी मुलीने विचारलं, लग्न झालंय ना? बाई म्हणाली, ‘नाय, व्हायचा हाय. भात बरा झाला का करू.’ मुलीने ‘अविवाहित माता’ या चौकोनात खूण केली आणि खाली लिहिलं, ‘समुपदेशनाची गरज.’

अगं, वारल्यांत जोडपं आधी संसार मांडतं, आणि लग्नाचा खर्च झेपेल तेव्हा लग्न लावतं. मध्ये वर्षं जातात. कधी मुलं आपल्याच आईबापाच्या लग्नात नाचतात. कोणी त्यांना नावं ठेवत नाही. लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी असते. ती बाई गाण्यांतून लग्न लावते, सवाष्णी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरीची गाणी पुरी झाल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. एवढा मोठा विधी बाईच्या तोंडी ठेवणारा समाज आपल्या दारापासून बसने तासाभरावर आहे, आणि आपल्या फॉर्ममध्ये त्याला चौकोनसुद्धा नाही.

हे थांबलेलं लग्न मला फार शहाणपणाचं वाटतं. कार्यकर्त्या गोदावरी परुळेकर 1945 मध्ये डहाणू-तलासरीकडे गेल्या तेव्हा त्यांना लग्नगडी भेटले. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवराबायको दोघं त्याच्या दारी राबायची, ती जन्मभर. ज्या समाजाने लग्नाच्या कर्जापायी पिढ्या गमावल्या, त्याने हाती पैसा येईपर्यंत लग्न पुढे ढकलणं हे कर्जापासूनचं संरक्षण आहे, असं मी मानते. त्या मुलीला जिथे समुपदेशनाची गरज दिसली तिथे एक आर्थिक निर्णय होता, आणि तो बरोबर होता.

हे सगळं तुला रंगीत आणि सुंदर वाटेल. वारली चित्रांच्या साड्या आणि कप मुंबईत सगळीकडे मिळतात. पण संस्कृतीचा मान ठेवला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. आत्ता दिवाळी संपली आहे. पाड्यावरून टेम्पो भरभरून माणसं वीटभट्ट्यांवर निघाली. वाडा, भिवंडी, आपला पूर्वेचा पट्टा, सगळीकडे वीट पडायला लागेल. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घेतलेली असते, ती आता फेडायची. हजार विटांमागे दर; पण काम मोजतात जोडप्याचं, एकट्या बाईच्या नावाने हिशोब नाही. मध्यरात्रीनंतर उठून चिखल तुडवायचा, साच्यात भरायचा, उजाडेपर्यंत विटांच्या ओळी लावायच्या. उलटायला लहान मुलं. आठवड्याला खर्ची मिळते, तीही वहीत चढते. वही मालकाची. पावसाच्या तोंडावर हिशोब होतो, आणि अंगावर बाकी निघाली की पुढच्या सालाची भट्टी ठरलेलीच. आणि त्याच मुलांच्या फॉर्मवर शाळा सुटल्याचं कारण लिहिलेलं असतं, ‘पालकांची उदासीनता’.

1976 च्या वेठबिगारीच्या कायद्यात एक कलम आहे, पंधरावं. कामकरी म्हणाला की हे कर्ज वेठीचं आहे, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर. म्हणजे शब्द आधी कोणाचा धरायचा हे कायद्यानेच सांगितलं आहे. तुमच्या बाई जे शिकवतात ते या कलमात आहे असं मला वाटतं. प्रत्येक फील्डवर्कच्या पोराला मी आधी हे कलम वाचायला देते, मग फॉर्म. उसगावला विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी 1982 मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच कायद्याच्या जोरावर. त्यांच्या विधायक संसदेने पुढे भोंगाशाळा काढल्या: मूल शाळेत येत नसेल तर शाळेने भट्टीवर, मजुरांच्या भोंग्यात जायचं. त्यांच्या सगळ्याच राजकारणाशी मी सहमत आहे असं नाही. पण आईबापाला दोष न देता त्यांच्या स्थलांतराच्या पावलांवर शाळा चालवायची, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं समाजकार्य होतं.

आता एक अवघड गोष्ट. लोकांची रीत मध्यभागी ठेवायची म्हणताना सगळंच डोक्यावर घ्यायचं का? याच पाड्यांवर एखाद्या विधवेला भुताळी ठरवतात. मूल आजारी पडलं, बैल मेला, की भगताकडे जातात आणि बोट तिच्याकडे वळतं; पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. अशा वेळी मी त्या बाईच्या दाराशी उभी राहते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा हाताशी असतो, पोलिसांनाही बोलावते. पण एक सांगू? सगळ्यात आधी पाड्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका गाठते. त्यांचं ऐकतात. त्या समाजात अन्यायाविरुद्ध बोलणारी माणसंही त्याच समाजातली असतात, आणि त्यांना न विचारता आपण गेलो तर आपण येऊन गेल्यावर ती बाई एकटी पडते. रीत मध्यभागी ठेवणं म्हणजे मला तरी हे वाटतं, की त्यांच्यातल्या कोणाच्या बाजूने आपण उभं राहायचं ते त्यांच्यातच शोधायचं.

तुझ्यात आणि तुझ्या वर्गमैत्रिणींत एक फरक आहे, तो विसरू नकोस. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी आपल्याच लोकांत काम करायला परत जातील. तू तशी नाहीस, मीही नाही. आपल्या आजोबांच्या वाडीत केळीला पाणी लावायला, पानवेल बांधायला पूर्वेकडच्या पाड्यांवरची माणसं यायची. त्यांना चहा मागीलदारी, वेगळ्या कपात. त्याच घरातली मी पाड्यावर प्रश्न विचारायला जाते, तेव्हा समोरची बाई मला काय सांगते आणि काय गिळून टाकते हे त्या कपाने ठरलेलं असतं. कितीही चांगलं प्रशिक्षण घेतलं तरी ते जात नाही. म्हणून मला सगळ्यात आधी काय हवंय तर समाजकार्याच्या वर्गात वारली, कातकरी, मल्हार कोळी मुलंमुली, आणि नुसती बाकांवर नकोत, फळ्यापाशीही. कातकऱ्यांना तर सरकारनेच अतिमागास आदिम जमात म्हणून वेगळं धरलंय, त्यांच्यातून एम.एस.डब्ल्यू. झालेला पोरगा भेटला की मी त्याला घरी जेवायला आणते.

तू आणखी विचारलंस की वसईत कृष्णवर्णीय आहेत का. आहेत की. नालासोपारा पूर्वेला प्रगतीनगरात नायजेरियन माणसं राहतात. पोलिसांच्या बातमीखेरीज त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. भाड्याने घर मिळायला त्रास, रस्त्यात नावं ठेवणारी पोरं, आणि त्यातच संसार, मुलं, रविवारची प्रार्थना. आपल्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी 1534 ते 1739 या काळात आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवले, हे आपण शाळेत शिकलोच नाही. आपल्या तालुक्यातल्या एकाही समाजकार्यकर्त्याने त्या गल्लीत जाऊन बसून ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे. तू परत आलीस की तिथे जाशील का? तुझ्या शिक्षणाचा पहिला उपयोग तिथे सरळ होईल.

आता माझं काम. पौषात आम्ही इथल्या फील्डवर्कच्या सुपरव्हायझरांचं आठवडाभराचं शिबिर घेतोय. पहिले दोन दिवस पाड्यावर, फॉर्मशिवाय. तिसऱ्या दिवशी एक धवलेरी आणि भट्टीवर वीस-बावीस हंगाम काढलेली एक कातकरी बाई शिकवायला येणार. दोघींना प्राध्यापकांइतकंच मानधन द्यायचं असं मी लिहून दिलंय. त्यावर एका संस्थेच्या हिशोबनिसाने ‘तज्ज्ञ’ म्हणून त्यांच्या पदवीचा दाखला मागितला आणि फाईल परत पाठवली. तुमच्या बाईंना विचार: तुमच्याकडे वस्तीतल्या आजीबाई वर्गात शिकवायला येतात तेव्हा त्यांचे पैसे कोणत्या नावाखाली काढतात? नियमाचा कागद असेल तर त्याचा फोटो पाठव, इंग्रजीतला चालेल. महिनाअखेरच्या आत पाठवलास तर बरं, कारण फाईल पुन्हा सादर करायची आहे, आणि त्या दोघींना मी तारीख देऊन बसले आहे.

थंडीचे कपडे घेतलेस का? आईचा गुडघा बरा आहे.

तुझी,
मावशी